पालकांच्या सूचनांचं शाळेत पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही अनुदानित माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावी. पर्यवेक्षक म्हणून पालकांची सूचनावही माझ्या टेबलावर असते. दर जूनला नवे पालक येतात आणि तेच प्रश्न नव्यानं विचारतात, म्हणून वहीतले, पालकसभेतले आणि फोनवरचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो पालकांचेच ठेवले. नावं गाळली, दोन-तीन ठिकाणी शिव्याही गाळल्या. कायदा कुठे आहे आणि आमच्या शाळेचा नुसता शिरस्ता कुठे आहे, हे वेगवेगळं सांगितलं आहे. या दोन्हींची गल्लत झाली की भांडणं होतात.

१. सूचना कशाला म्हणायचं आणि तक्रार कशाला? दोन्ही एकाच वहीत लिहायचं का?

‘पाण्याची टाकी महिन्यातून दोनदा धुवा’ ही सूचना. ‘टाकीत अळ्या निघाल्या, माझ्या मुलाला जुलाब झाले’ ही तक्रार. वही एकच आहे, पण तक्रारीच्या नोंदीपुढे लाल पेनानं खूण होते आणि ती त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या हातात जाते. काय लिहावं ते ठरत नसेल तर घडलेलं तेवढं लिहा. खूण करायचं काम आमचं. मुलाच्या अंगाला हात लावण्याचा, छळाचा किंवा सुरक्षिततेचा विषय असेल तर मात्र वहीत लिहू नका. त्यासाठी आधी प्रश्न १५ वाचा.

२. आधी कुणाला भेटायचं? वर्गशिक्षकांना की थेट मुख्याध्यापकांना?

रोजच्या गोष्टींसाठी वर्गशिक्षक. दोन भेटींत निकाल लागला नाही तर पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, मग संस्थेची शालेय समिती. शाळेबाहेरची पायरी म्हणजे जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक). पायऱ्या चढायलाच हव्यात अशी सक्ती नाही, पण पहिल्या पायरीवर सुटणारी गोष्ट वरून खाली आली की तिला महिना लागतो. ‘बसायची जागा बदला, फळा दिसत नाही’ असा अर्ज एका वडिलांनी थेट संस्थेच्या अध्यक्षांना दिला होता. तो कागद फिरत फिरत वर्गशिक्षिकेकडे पोचेपर्यंत सहामाही उलटली. तिला सकाळी सांगितलं असतं तर दुपारी जागा बदलली असती.

३. आम्ही लिहून देतो, तुम्ही ‘बघू’ म्हणता. वहीत लिहिल्यानंतर नेमकं होतं काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि त्यातला टोमणा आम्हाला लागू आहे. ‘बघू’ या शब्दानं शाळेचं जेवढं नुकसान केलंय तेवढं स्पष्ट नकारानं कधी केलं नाही. नकार मिळालेला पालक चिडतो, पण पुढची पायरी शोधतो. ‘बघू’ ऐकलेला पालक सहा महिने वाट पाहतो आणि नंतर बोलायचंच सोडून देतो.

आता पद्धत अशी आहे. नोंदीला क्रमांक आणि तारीख पडते, क्रमांकाची चिठ्ठी तुम्हाला मिळते. शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक, मी आणि एक पालक प्रतिनिधी मिळून नोंदी वाचतो. काही कामं सोमवारीच होतात, जसं की मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, तुटलेला बाक, बंद पंखा. काहींना शिक्षकांच्या सभेत बोलावं लागतं, जसं गृहपाठ, चाचण्यांच्या तारखा, जादा तास. उरलेल्या गोष्टी आमच्या हातातल्या नसतात. त्या संस्थेकडे, पंचायत समितीकडे किंवा आणखी कुठे पाठवाव्या लागतात. अशा वेळी जावक क्रमांकासह पत्राची प्रत वहीत चिकटवतो.

एक नोंद सविस्तर सांगते. दहावीचे जादा तास संध्याकाळी साडेपाचपर्यंत चालायचे. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलींची एसटी सव्वापाचला. एका आईनं लिहिलं, ‘माझी मुलगी रोज अर्धा तास बुडवते नाहीतर अंधारात चालत येते.’ शिक्षकांच्या सभेत पहिलं उत्तर आलं, तास तर बोर्डाच्या परीक्षेसाठीच आहेत. खरंच होतं ते. पण हजेरीपट उघडला तेव्हा दिसलं की शेवटच्या अर्ध्या तासाला वर्ग निम्मा असतो आणि उठून जाणाऱ्या सगळ्या मुली. तास सकाळी शाळेआधी घेतले. मग दुसऱ्या वस्तीवरच्या पालकांची नोंद आली, सकाळची गाडीच त्या वेळेला नाही. आगारप्रमुखांना पत्र दिलं, पुन्हा दिलं, तिसऱ्यांदा दोन पालकांना सोबत घेऊन गेलो. गाडी वीस मिनिटं आधी सुटायला लागली. मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न घड्याळाचा होता आणि तो शाळेत बसून कुणालाच दिसत नव्हता. पहिली नोंद जुलैची. गाडीची वेळ बदलली दिवाळीनंतर.

४. उत्तर किती दिवसांत मिळायला हवं?

हा आमचा शिरस्ता आहे, कायदा नव्हे. नोंद वाचल्याचं आठ दिवसांत कळवतो, काय ठरलं ते पंधरा दिवसांत. परीक्षांच्या काळात यात घसरण होते, हे मान्य करते. पंधरा दिवस उलटले तर चिठ्ठीवरचा क्रमांक घेऊन कार्यालयात या. ‘मी मागे काहीतरी सांगितलं होतं’ यावर लिपिकाला काही शोधता येत नाही.

५. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर चालत नाही का? सगळे वाचतात तरी.

सगळे वाचतात, तीच अडचण आहे. रात्री साडेदहाला कुणी लिहितं, ‘सातवी ब ला इंग्रजी शिकवतच नाहीत.’ अकरापर्यंत चाळीस जणांचे अंगठे येतात. त्यातल्या पंधरा जणांची मुलं सातवी ब मध्ये नसतात. सकाळी ते शिक्षक वर्गात शिरतात तेव्हा मुलांनी ते सगळं वाचलेलं असतं. ग्रुप सुट्टीची, सहलीची, वेळापत्रकाची माहिती देण्यासाठी आहे. ज्यांना शाळेत येणं जमत नाही त्यांनी शाळेच्या नंबरवर वैयक्तिक संदेश पाठवावा. तो आम्ही वहीत उतरवतो आणि क्रमांक कळवतो. आवाजी निरोपही चालतो.

६. शाळेत इतक्या समित्या आहेत, कोणती कशासाठी?

खरं सांगायचं तर आमच्यातल्याही सगळ्यांना एका दमात सांगता येणार नाही. इतक्या झाल्या होत्या की २०२५ मध्ये शासनानं बऱ्याच समित्या एकत्र करून मोजक्याच ठेवायचं ठरवलं. पालकांनी तीन लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ.

शाळा व्यवस्थापन समिती ही शिक्षण हक्क कायदा, २००९ मधून आली. सरकारी आणि अनुदानित शाळांना ती बंधनकारक आहे, विनाअनुदानित शाळांना नाही. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. सरकारी शाळांत कारभार कसा चाललाय ते पाहणं, विकास आराखडा करणं आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचं काम; आमच्यासारख्या अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा आहे. आमच्या शाळेत पाचवीपासून वर्ग असल्यानं ती आहे आणि नववी-दहावीचे विषयही तिथे मांडता येतात.

पालक-शिक्षक संघात प्रत्येक पालक आपोआप सदस्य असतो. अभ्यास, सहल, स्नेहसंमेलन, शिस्त अशा गोष्टी तिथे बोलायच्या. खासगी शाळांत शुल्काचा निर्णयही संघाच्या कार्यकारी समितीतून जातो (प्रश्न १८).

सखी सावित्री समिती मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे. २०२२ च्या शासन निर्णयानं ती सुरू झाली. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नवा निर्णय आला, तेव्हा कुठे बऱ्याच ठिकाणी ती कागदावरून उठून बसली.

याशिवाय संस्थेची शालेय समिती वेगळी. नाव सारखं वाटतं, पण ती व्यवस्थापनाची असते, पालकांची नव्हे. तिथे जाऊन ‘मी पालक प्रतिनिधी म्हणून येतो’ म्हणणारे दरवर्षी एकदोन भेटतात.

७. समितीवर दरवेळी तीच ती माणसं दिसतात. आम्हाला कसं येता येईल?

पालकसभेला येऊन. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, पण व्यवस्थापन समितीचे पालक सदस्य पालकसभेतून निवडले जातात आणि सभेला तीसच जण आले तर त्या तिसांतलेच निवडले जातात. सभा मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवायला लागलो तेव्हापासून उपस्थिती वाढली. बाजाराला तालुक्याला यायचंच असतं. महिला सदस्यांच्या बाबतीत एक सांगते. सही करायला यजमान आले तर सही घेत नाही. सदस्य बाई असतील तर बाईंनी यायचं. पहिल्या वर्षी यावरून कटकट झाली, आता होत नाही.

८. आम्ही कोयता घेऊन सहा महिने बाहेर असतो. मुलगी आजीकडे राहते. शाळा आजीचं ऐकते का?

ऐकते. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळं आईबापांविना. कुणी आजी-आजोबांकडे, कुणी चुलत्याकडे, कुणी हंगामी वसतिगृहात. पूर्वी पालकसभेच्या रजिस्टरात ‘पालक अनुपस्थित’ असा शेरा मारून आम्ही मोकळे व्हायचो, आणि दारात आजी बसलेली असायची.

आता निघण्याआधी एक कागद भरून द्या. मागे मूल कुणाकडे राहणार, त्यांचा फोन, तुमचा कारखान्याकडचा फोन. ज्यांचं नाव त्यावर असेल त्यांचं म्हणणं पालकाचं म्हणणं म्हणून नोंदवलं जातं. समितीवर निवडून येण्याचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे आई, वडील किंवा कायदेशीर पालकच लागतात.

आज्यांच्या सूचना फार नेमक्या असतात. ‘नातीला सकाळचं डब्याला काही करता येत नाही मला, दिसत नाही. खिचडी लवकर द्या.’ त्या एका वाक्यावरून मधल्या सुट्टीची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणली. फायदा त्या मुलीपेक्षा जास्त जणांना झाला, कारण उपाशी येणारी ती एकटी नव्हती.

९. मला लिहिता येत नाही. दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर गावभर होईल.

तोंडी सांगा. शिपाईमावशींना किंवा लिपिकांना नको, मला किंवा कुठल्याही शिक्षिकेला. आम्ही लिहितो, वाचून दाखवतो, मग अंगठा किंवा सही. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. सांगितलं एक आणि उतरवलं भलतंच, असं आमच्याकडून झालेलं आहे.

१०. नाव न लिहिता चिठ्ठी टाकली तर दखल घेता का?

घेतो, पण तिचा हात आखूड असतो. ‘मागच्या जिन्याखाली मुलं तंबाखू खातात’ या निनावी चिठ्ठीवर जिन्यापाशी माणूस उभा करता येतो. ‘एक सर पक्षपात करतात’ यावर काहीच करता येत नाही. कोणते सर, कोणता वर्ग, काय घडलं, तेवढं असेल तर नावाशिवायही चालतं. तक्रारपेटी मुख्याध्यापक, एक शिक्षिका आणि एक पालक यांच्या समोर उघडतो. पेटीतल्या बहुतेक चिठ्ठ्या मुलांच्या असतात आणि त्या आम्हाला जास्त शिकवतात.

११. तक्रार केली तर सर मुलावर राग काढतील, ही भीती खोटी आहे का?

खोटी नाही. राग काढण्याची रीत मारण्याची नसते. मुलाला प्रश्न न विचारणं, वही शेवटी तपासणं, ‘तुझे वडील फार हुशार आहेत’ असं वर्गात म्हणणं, ही असते. त्यामुळे तक्रार आली की संबंधित शिक्षकांना विषय सांगतो, शक्य तिथे नाव सांगत नाही, आणि पुढच्या महिन्यात त्या वर्गाचं पाठनिरीक्षण मी स्वतः करते. राग काढल्याचं जाणवलं तर जुन्या नोंदीचा क्रमांक टाकून नवी नोंद करा. दुसरी नोंद पहिलीपेक्षा गंभीर धरली जाते.

कधीकधी नाव लपवणं शक्यच नसतं. मुलाच्या मार्कांची तक्रार मुलाचं नाव न सांगता कशी तपासणार? अशा वेळी आधी तुम्हाला विचारतो.

१२. अर्ध्या वर्गानं सही करून दिली तरी शिक्षक बदलत का नाहीत?

दोन गोष्टी वेगळ्या करू. वर्ग किंवा विषय बदलून देणं शाळेच्या हातात आहे. तेही वर्षाच्या मध्यात तेव्हाच, जेव्हा त्या विषयाचे दुसरे शिक्षक असतील. आमच्याकडे विज्ञानाला दोन आहेत, हिंदीला एकच.

शिक्षकांना कामावरून काढणं मात्र सह्यांवर होत नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. आरोपपत्र, चौकशी समिती, त्यांचं म्हणणं ऐकणं, मग निर्णय. त्यावरही ते शाळा न्यायाधिकरणात जाऊ शकतात. पालकांना हा वेळकाढूपणा वाटतो. मी दोन चौकशा जवळून पाहिल्या आहेत. एकीत तक्रार शब्दन् शब्द खरी निघाली. दुसरीत सह्यांच्या मागे गावातल्या एका शिकवणीवाल्याचा हात होता.

सह्यांचा अर्ज आला की आम्ही आधी वह्या मागवतो. शेवटची तपासणी कधीची, धडे किती झाले, चाचणीचे पेपर परत दिले का. ‘शिकवता येत नाही’ यापेक्षा ‘ऑगस्टपासून वही तपासलेली नाही’ हे वाक्य जास्त काम करतं.

१३. मार्क कमी पडले, पेपर दाखवा म्हटलं तर दाखवतील का?

शाळेच्या परीक्षांचे पेपर दाखवतो. बेरीज चुकली असेल तर तिथेच दुरुस्ती. ‘दुसऱ्यानं हेच लिहिलं, त्याला जास्त दिले’ असं असेल तर विषयाचे दुसरे शिक्षक तपासतात. दुसऱ्या मुलाचा पेपर दाखवत नाही.

दहावीच्या बोर्डाच्या पेपरचं शाळेकडे काही नसतं. निकालानंतर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी विभागीय मंडळाकडे मुदतीत अर्ज करायचा. पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घ्यावी लागते. आम्ही अर्ज भरून द्यायला मदत करतो. अंतर्गत २० गुण मात्र शाळाच देते आणि ते कसे दिले हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. निकालानंतर नको, बोर्डाकडे पाठवण्याआधी विचारा.

१४. सरांनी छडी मारली. ‘आमच्या वेळीही मारायचे’ असं म्हणून सोडून द्यायचं का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. जातीवरून, रंगावरून, फी थकली म्हणून वर्गात उभं करणं हाही छळच. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणून दहावीच्या मुलाला मारलं तर चालतं, असा युक्तिवाद एकदा आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकला आहे. तो चालत नाही. मोठ्या मुलांसाठीही शाळेचा नियम तोच.

उलट बाजूचीही एक अडचण सांगते. कितीतरी पालक मुलाला पुढे करून म्हणतात, ‘हाडं आमची, मांस तुमचं, पाहिजे तेवढं मारा.’ ही सूचनाही वहीत येते. तिच्यापुढे ‘अमान्य’ लिहितो.

१५. मुलीनं काहीतरी वाईट सांगितलं. आधी शाळेत बोलून मिटवावं का?

मिटवू नका. लैंगिक छळाचा विषय शाळेच्या पायऱ्यांवर चढवायचा नसतो. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार असा गुन्हा माहीत झालेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेनं दडपलं तर तो शाळेचा स्वतंत्र गुन्हा. ‘शाळेचं नाव जाईल’ किंवा ‘मुलीचं लग्न व्हायचंय’ असं कुणी सांगायला लागलं, मग तो संस्थेचा माणूस असो की नात्यातला, तर बोलणं तिथेच थांबवा. पोलीस ११२, चाइल्डलाइन १०९८. शाळेतल्या ज्या बाईंवर मुलीचा विश्वास असेल त्यांना सोबत घ्या. मुलीचं नाव कुठेही जाहीर होता कामा नये, म्हणून हा विषय वहीत नाही, ग्रुपवर तर नाहीच. तिला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. आम्हीही लावत नाही.

१६. एक पालक म्हणतात गृहपाठ फार, दुसरे म्हणतात देतच नाहीत. तुम्ही कुणाचं ऐकता?

एकाच आठवड्यात, एकाच वर्गाबद्दल, शेजारी राहणाऱ्या दोन घरांतून या दोन नोंदी आलेल्या आहेत. नोंदी मोजून बहुमत काढलं तर फसगत होते, कारण वहीपर्यंत येणारे पालक म्हणजे सगळे पालक नव्हेत. म्हणून एक आठवडा त्या वर्गाच्या मुलांनी रोज रात्री अभ्यासाला बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहिली. निष्कर्ष मजेशीर होता. गृहपाठ सोमवारी आणि गुरुवारी डोंगराएवढा, बाकी दिवशी शून्य. सगळ्या विषयांचे शिक्षक एकाच दिवशी देत होते. दोन्ही पालक खरं बोलत होते. फळ्याच्या कोपऱ्यात आज कोणी काय दिलं ते लिहायला सुरुवात केली. कुणी जास्त द्यायला लागलं की आधीचं दिसतं.

दप्तराच्या ओझ्याचं मात्र मत विचारायचं काम नाही. मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त ओझं नको हा शासनाचा २०१५ चा निर्णय आहे. वजनकाटा कार्यालयात आहे, कधीही करून पाहा.

१७. सभेत सगळ्यांनी हात वर केले, तरी शाळेनं ठराव मानला नाही. मग सभा कशाला?

हा प्रश्न आठवीच्या तुकड्यांवरून आला. ‘हुशार मुलांची अ तुकडी करा, बाकीची ब’ असा ठराव जवळजवळ एकमतानं झाला होता. सभेला आलेले बहुतेक पालक अ मध्ये जाणाऱ्या मुलांचे होते. ब मध्ये जाणाऱ्यांचे शेतात किंवा फडात. ज्यांचं नुकसान होणार ते खोलीतच नसतील तर हात मोजून उपयोग नाही. शाळेनं नकार दिला, कारण लेखी दिलं. तीन पालकांनी मुलं काढून नेली. त्यातलं एक पुढच्या जूनला परत आलं.

वर्गणीचंही तसंच. स्नेहसंमेलनाला पाचशे रुपये काढायचे असं बहुतेकांनी ठरवलं, म्हणून ज्यांना जमत नाही त्यांच्यावर ते लादता येत नाही.

१८. फी वाढवली तर पालकांचं ऐकलं जातं का?

आमची शाळा अनुदानित, पण हा प्रश्न विनाअनुदानित शाळांत मुलं घालणारे नातेवाईक फार विचारतात, म्हणून थोडक्यात. २०११ चा महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) कायदा पाहा. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून घेतले जातात, निवडून नव्हे. व्यवस्थापनाला पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवावा लागतो. समितीनं ठरवलेली आणि व्यवस्थापनाला हवी असलेली फी यात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर विषय विभागीय समितीकडे जाऊ शकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर पालकांना दाद मागायची असेल तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. एकट्यानं भांडून तिथे दार उघडत नाही. वरच्या पायरीला जाण्याआधी सोडत खरंच काढली होती का, एवढं विचारून पाहा.

१९. खिचडी पातळ असते म्हणून सांगितलं. आणि नववीच्या मुलांना का देत नाही?

पोषण आहार योजना आठवीपर्यंतचीच आहे, त्यामुळे नववी-दहावीसाठी धान्य येतच नाही. पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असं प्रमाण आहे. वाढण्याआधी चव घेऊन चवनोंदवहीत सही होते. पातळ खिचडीच्या नोंदीनंतर आम्ही त्या दिवसाच्या चवीला तक्रार करणाऱ्या आईंनाच बोलावलं. त्या आल्या, चव घेतली, आणि भांडं लहान असल्यानं पाणी दोनदा घालतात हे त्यांनीच दाखवून दिलं. आम्ही रोज त्याच स्वयंपाकघरासमोरून जात होतो.

२०. आम्ही नवरा-बायको वेगळे राहतो. त्यांचं ऐकून शाळेनं माझी सूचना डावलली.

शाळा न्यायालय नाही. ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत द्या, त्याप्रमाणे चालतो. आदेश नसेल तर प्रगतिपत्रक आणि सभेचं बोलावणं दोघांनाही जातं. सूचना परस्परविरोधी असतील तर शाळेच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे चालतं आणि तसं दोघांनाही कळवतो. मुलाला मध्ये घालून ‘तुला काय हवं’ असं विचारत नाही.

२१. शाळेनं नकार दिला. आता कुठे जायचं?

आधी नकार लेखी मागा, कारणासह. तो द्यायला आम्ही बांधील आहोत असं आम्ही स्वतः ठरवलं आहे. मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक), त्यांच्यानंतर विभागीय शिक्षण उपसंचालक. मुंबईत शिक्षणाधिकाऱ्यांच्या जागी शिक्षण निरीक्षक. अर्जासोबत वहीतल्या नोंदीच्या क्रमांकांची यादी आणि आमच्या उत्तराची प्रत जोडा. नुसत्या ‘शाळा ऐकत नाही’ या अर्जावर तिथून एकच पत्र निघतं, ‘मुख्याध्यापकांनी चौकशी करून अहवाल द्यावा’, आणि कागद पुन्हा आमच्याच टेबलावर येतो.

कागदपत्रं हवी असतील तर अनुदानित शाळेला माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांचं शुल्क, उत्तराला ३० दिवस. सभेचं इतिवृत्त मागायला मात्र अर्जाची गरज नाही, ते तसंच दाखवतो.

२२. गणिताला दोन वर्षं शिक्षक नाही. आम्ही किती वेळा लिहायचं?

या एका विषयावर वहीत सतरा नोंदी आहेत. अनुदानित शाळेतली जागा संस्थेला मनानं भरता येत नाही. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या शासनाच्या मंजुरीत, पद असावं लागतं आणि भरती शासनाच्या पवित्र प्रणालीतून होते. आम्ही केलं ते एवढंच. दर सत्राला शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र, सोबत पालकांच्या नोंदींच्या प्रती. विज्ञानाच्या एका बाईंनी दहावीचं गणित स्वतःकडे घेतलं. नववीला गावातले एक निवृत्त शिक्षक आठवड्यातून चार दिवस येतात, मानधन न घेता. आठवीचं गणित सध्या मी घेते. मी मराठीची, त्यामुळे भूमितीच्या आदल्या रात्री मलाही अभ्यास करावा लागतो. अठरावी नोंद करायची असेल तर जरूर करा, पुढच्या पत्राला ती प्रत जोडायची आहे.